पायांखालची ऊब

ती. आई, दोघांचा वाकून नमस्कार.

आम्ही गारठत नाही, काळजी नको. तुझे गुडघे कसे आहेत?

नव्या घराचं गॅसचं बिल शेजाऱ्यांच्या निम्मंच येतं. मला वाटलं, गॅसवरचा हीटर मंद ठेवण्याची माझीच हुशारी. मीटर बघायला आलेल्या माणसाने मला चप्पल काढून फरशीवर उभं केलं. फरशी कोमट होती. खालच्या आजींच्या हीटरची ऊब वर येते, म्हणाला. मी कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

आज फरशी गार लागली. आजींना काही झालं तर नसेल? अनवाणीच खाली धावले. आजी कुलूप लावत होत्या, लेकीकडे निघालेल्या.

"आठ दिवस तुला हीटर वाढवावा लागेल हं," म्हणाल्या.

त्यांना सगळं ठाऊक होतं, आई.

तुझी,
आज पायमोजे घातलेली लेक