गाडी पास झाली

तीर्थरूप बाबा,

तुम्हाला आणि आईला वाकून नमस्कार. मी बरी आहे. खोलीत ऊन येतं, जेवणही वेळेवर होतं. आईची कंबर कशी आहे?

गाडीची तपासणी एकदाची झाली. परराज्यातली गाडी म्हणून इथला नंबर मिळण्याआधी ती आरटीओच्या साहेबांसमोर उभी करावी लागते. दिवे, ब्रेक, चासीचा नंबर, सगळं ठीक निघालं. मग त्यांचं लक्ष स्टिअरिंगजवळच्या दांड्यांकडे गेलं.

"हे काय?"

"माझे पाय अधू आहेत. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर मी हातानं दाबते."

"कागदावर याची नोंद नाही. काढून आणा, तरच पास."

तिकडच्या ऑफिसात नोंदीसाठी तुम्ही किती हेलपाटे घातलेत, ते सांगून पाहिलं. "तिकडचं तिकडे," म्हणाले. माझ्या कुबड्या त्यांना दिसत होत्या, बाबा.

इथला नंबर घ्यायची मुदत संपत आली होती. शेवटी समोरच्या गॅरेजमध्ये दांडे उतरवले. मिस्त्रीकाकांनी ते किती मन लावून बनवले होते! त्यांना एवढ्यात काही कळवू नका.

गॅरेजवाल्यानं गाडी परत आत नेऊन दिली. साहेबांनी शिक्का मारला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"झालं तुमचं काम. न्या गाडी."

"कशी नेऊ?" मी विचारलं.

त्यांनी मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली.

शेवटी गॅरेजवाल्यानंच गाडी घरी आणून लावली. आता ती खाली उभी आहे, अगदी नियमात. ऑफिसला शेजारीण सोडते, तिला जमेल तेव्हा. नोंदीसाठी मी अर्ज केलाय. तुम्ही मात्र लगेच इकडे यायला निघू नका.

तुमची,
धाकटी