सुरतेचा ताप आणि सेक्रेटरींची शाल

२३ सप्टेंबर १९९४, शुक्रवार
पितृपक्ष सुरू आणि चौदा खोल्यांपैकी बाराला कुलूप. एरवी या पंधरवड्यात आमच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नसते. पेपरात सुरतेच्या प्लेगचं आलं आणि गिऱ्हाईक पळालं. नुसतं गुजरातचं नाही, मुंबईचंसुद्धा. रामकुंडावर भटजी एकमेकांची तोंडं बघत बसलेत.
आमचे हे लॉजमालक संघाचे सेक्रेटरी. आज मीटिंग झाली. ठराव : सुरतेकडच्या माणसाला खोली द्यायची नाही. एकमताने. ज्यांच्या जिवावर प्रत्येकाने मजले चढवले, त्यांनाच दार बंद! मीटिंगला भजी होती. भजी चांगली झाली होती, हेही घरी येऊन सांगितलं.

२५ सप्टें., रविवार
दुपारी अडीचला जयंतीकाका आणि कांताबेन दारात. सुरतेचे. वडिलांच्या श्राद्धाला दरवर्षी येतात, आमच्याकडेच उतरतात. या वेळी रिक्षावाल्याने लांबच उतरवलं. सामान स्वतः ओढत आणलं. वाटेत चार लॉजवाल्यांनी हाकललं.
सेक्रेटरींनी काउंटरवरूनच सांगितलं, "फुल आहे." मागे फळ्यावर चाव्यांची रांग लटकतेय. बारा चाव्या. काका चाव्यांकडे बघत होते, हे रजिस्टरकडे.
काका म्हणाले, "शेठ, आम्हाला गाव सोडून आठ दिवस झाले. लेकीकडे धुळ्याला होतो. चिठ्ठी आहे डॉक्टरची."
चिठ्ठी हातातसुद्धा घेतली नाही. नुसतं "फुल आहे."
मी नऊ नंबरची चावी काढून दिली. तोंड बघण्यासारखं झालं होतं ह्यांचं.
पण खरं लिहायचं तर नऊ नंबरच का? वरच्या मजल्यावर, मागे, सगळ्यांपासून लांब म्हणून. त्यांना सांगितलं, "वारा चांगला येतो." आणि खाली येऊन साबणाने दोनदा हात धुतले. तर मीही काही फार मोठी नाही.

२६ सप्टें.
स्वैपाकी पळाला. तोंडाला रुमाल बांधून आला आणि बायको बाळंतीण आहे म्हणाला. मागच्या वर्षीही बाळंतीण होती. शेजारच्या लॉजचे मालक खिडकीतून ओरडले, "वहिनी, तुमच्यामुळे आख्खी गल्ली मरेल!" याच गृहस्थांनी गणपतीत आरोग्यावर भाषण केलं होतं. गटार त्यांच्याच दारात तुंबलेलं.
राहिली फक्त हिराबाई. पेठ तालुक्यातली, डोंगराकडची. धुणं-झाडू करते, बारा वर्षं. तिला म्हटलं, वर जाऊ नकोस, मी बघते. म्हणाली, "तू काय बघशील? तुला चादर तरी बदलता येते का नीट?"
बरोबर आहे तिचं.

२७ सप्टें.
काकांना ताप. थंडी वाजून. संपलं सगळं, असं वाटलं. ह्यांनी बॅग भरली. खरंच भरली. पुण्याला बहिणीकडे "संघाच्या कामासाठी". म्हटलं, संघ पंचवटीत आहे, पुण्यात कसलं काम? प्लेगवरच्या कॅप्सूलची आख्खी पट्टी खिशात घालून गेले. घरात एकही ठेवली नाही.
डॉक्टर यायला तयार नाहीत. तिघांना विचारलं. चौथा, कोपऱ्यावरचा म्हातारा, लोकांच्या मते औषधं विसरणारा, तो आला. रक्त घेतलं. मी दारात उभी, पदर तोंडाला. हिराबाई आत काकांचे पाय चोळतेय. कांताबेन रडत होत्या, तर ती म्हणाली, "रडू नको बाय. ताप हाय, जाईल. आमच्याकडं तर दर पावसाळ्यात येतो, कोन पेपरात देत नाय."

२८ सप्टें.
मलेरिया! साधा मलेरिया. म्हातारे डॉक्टर जिन्यातूनच ओरडत आले. कांताबेननी डॉक्टरांचे पाय धरले, मग हिराबाईचे धरायला गेल्या. हिराबाई मागे सरकत सरकत बादलीत बसली. किती दिवसांनी हसलो आम्ही.
गल्लीत सांगितलं. कोणाचा विश्वास नाही. भीती सोडवत नाही लोकांना, गोड लागते बहुतेक.

१ ऑक्टो., शनिवार
श्राद्धाची तिथी. काका उठून बसतात, चालवत नाही. नेहमीचे भटजी कुंडावर "आज गर्दी आहे" म्हणाले. कुंडावर चिटपाखरू नव्हतं. दुसरे मिळाले, त्यांनी लॉजवर येऊन, नाकाला रुमाल बांधून, हातभर लांबून मंत्र म्हटले. दक्षिणा मात्र जवळ येऊन घेतली.
चुलीपाशी कांताबेन. पळालेल्या स्वैपाक्याच्या जागी गेले तीन दिवस त्याच रांधतायत, आमच्यासाठीही. आज खीर केली. मी खाल्ली. आधी हिराबाईने खाल्ली, मग मी. ती मरत नाही बघून. हे इथे लिहिते आहे, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही.

९ ऑक्टो., रविवार
काका-कांताबेन परत गेले. सुरत निवळतेय म्हणतात. जाताना काकांनी हात जोडले. हिराबाईला कांताबेननी स्वतःची शाल दिली. तिने लगेच डोक्याला गुंडाळली आणि संडास धुवायला गेली.
संध्याकाळी हे पुण्याहून हजर. तब्येत सुधारलेली. पहिला प्रश्न, "गादी जाळली का?"

२० नोव्हें.
दिवाळीपासून गिऱ्हाईक येऊ लागलंय. आज पाच खोल्या. आणि गंमत, सगळे सुरतेचे! काकांनी तिकडे गल्लीत, बाजारात, देवळात सांगितलंय म्हणे, नाशकात उतरायचं तर इथेच. शेजारचे लॉजमालक खिडकीतून बघतात. ओरडत नाहीत आता. स्वैपाकीही परत आला. बायको सुटली म्हणे.

१५ डिसें., गुरुवार
आज संघाचा सत्कार समारंभ. काकांनी संघाला पत्र पाठवलं होतं, आभाराचं, लॉजचं नाव घालून. नाव लॉजचं, लॉज ह्यांच्या नावावर. झालं! "संकटकाळी माणुसकीचा दिवा तेवत ठेवल्याबद्दल" शाल, श्रीफळ. देणारे तेच, ठराव करणारे. टाळ्या वाजवणारेही तेच.
ह्यांचं भाषण : "त्या वेळी मी मनाशी ठरवलं, अतिथी परत पाठवायचा नाही."
इकडे तिकडे बघितलं, कोणी हसतंय का. कोणी नाही. पुण्याची बॅग सगळ्यांना माहीत होती!
हिराबाईला मी मुद्दाम नेलं होतं. शेवटच्या रांगेत बसली होती. विचारलं, राग नाही येत? "कशाचा राग? चिवडा चांगला होता."
मी उठून बोलायला हवं होतं. घसा साफ केला. आणि बसून राहिले. बायकांमधून कोणीतरी म्हणालं, "तुमचीही साथ असणारच वहिनी." मी हसले. मान हलवली. ह्यांना नावं ठेवायला वही आहे. मला कोण ठेवणार?

१९ जाने. १९९५, गुरुवार
शाल काचेच्या फ्रेममध्ये घालून काउंटरमागे लावलीय. येणारा प्रत्येकजण विचारतो, हे प्रत्येकाला सांगतात. गोष्ट वाढतेय. परवा त्यात ह्यांनी स्वतः काकांच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या.
आज सकाळी हिराबाई जरा घुटमळली. भाऊ पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला आलेला, तिथे आजारी पडलाय. खोकला, ताप, थुंकीत रक्त. उद्या सकाळच्या एस.टी.ने त्याला इथल्या दवाखान्यात आणतेय. दाखवून होईपर्यंत चार-पाच दिवस एखादी मागची खोली... "झाडून घेईन मीच. गिऱ्हाइकाच्या नजरंला नाय पडनार."
बारा वर्षांत पहिल्यांदा काही मागितलं तिने.
ह्यांनी फ्रेमखालूनच उत्तर दिलं, "हा लॉज आहे हिराबाई, धर्मशाळा नाही. सीझन आहे. रक्त म्हणतेस, लोक काय म्हणतील?"
ती माझ्याकडे बघत राहिली. विनवणी नव्हती. नुसती बघत होती.
आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "बघू."
बघू! चार खोल्या रिकाम्या. सुरतेचं जोडपं दारात उभं होतं तेव्हा एक क्षण लागला होता मला. ते गिऱ्हाईक होतं म्हणून? पेठचा मजूर नव्हता म्हणून?
ती बादली उचलून वर गेली. फरशी घासल्याचा आवाज येतोय.
एस.टी. साडेसातला येते. नऊ नंबरची चावी घेऊन मी स्टँडवर जाणार आहे. निदान आत्ता तरी तसं वाटतंय.