घोट्याचा आकडा

१२ जून

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

काकूच्या पत्रात तुमचं बोट काळं पडल्याचं वाचलं, तेव्हापासून घास उतरत नाही. चूक माझी आहे.

मार्चमध्ये तुम्ही पोटरी दुखते म्हणालात, म्हणून मी दवाखान्यातलं यंत्र आणून तुमच्या दंडाचा आणि घोट्याचा दाब घेतला. घोट्याचा आकडा दंडापेक्षा कमी आला तर पायाची रक्तवाहिनी तुंबलेली, एवढंच मला पक्कं ठाऊक. तुमचा दंड एकशे चाळीस, घोटा दोनशे तीस. मी म्हणालो, काका, तुमचे पाय तर पहिलवानाचे!

काल आमच्या संशोधन विभागाच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं, की जुन्या मधुमेहात रक्तवाहिनी नळासारखी कडक होते. पट्ट्याने दबत नाही, म्हणून आकडा चढतो; आत रक्त जेमतेम. अशा वेळी पायाच्या बोटाचा दाब घ्यायचा. हे आम्हा दाब मोजणाऱ्या मदतनिसांच्या पुस्तिकेत होतं, पण मला समजलं नव्हतं. नववीतून शाळा सोडलेला म्हणून हसतील, या लाजेने मी विचारलं नाही.

हात जोडतो, लगेच इकडे आमच्या दवाखान्यात यायला निघा. काकूस नमस्कार.

तुमचा अपराधी पुतण्या

१७ जून

चि. मोजपट्टीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. कानामात्रेची एक चूक नाही, म्हणजे तीनदा लिहून काढलं असणार. इकडे मी डाव्या पायाने शिलाई मशीन चालवतोय. गिऱ्हाइकाची पँट वाकडी झाली तर तुझ्या नावावर खपवीन.

आता नीट ऐक. फेब्रुवारीतच इथल्या डॉक्टरांनी मला पाय मोठ्या दवाखान्यात दाखवायची चिठ्ठी दिली होती. पाय कापतील या धास्तीने ती मी मशीनच्या खणात कोंबली. मग तू आलास. तू काहीतरी चांगलंच सांगशील, या आशेने मी पाय पुढे केला आणि चिठ्ठीचं तोंडातून काढलं नाही. तुझ्या काकूला यातलं काही माहीत नाही. कळलं तर धड पायही ती शिल्लक ठेवायची नाही. तेव्हा सगळं आपल्याच डोक्यावर घेऊ नकोस.

सोमवारी येतो. वेळेवर जेवत जा.

तुझा भित्रा काका

२ जुलै

ती. काकूस,
सा. न. वि. वि.

काका आता उठून बसतात. उशीच्या अभ्र्याची शिवण कच्ची आहे म्हणून नर्सबाईंशी सकाळीच वाद घातला.

ऑपरेशनआधी बोटाचा दाब डॉक्टरबाईंनी मलाच घ्यायला लावला. अठ्ठावीस आला; तिसाच्या खाली म्हणजे पाय धोक्यात. पुन्हा घेतला, तेवढाच. काकांना स्पष्ट सांगितला. नंतर मांडीतून बारीक नळी घालून, फुग्याने रक्तवाहिनी मोकळी केली. पाऊल वाचलं. दोन बोटं गेली.

आधी आले असते तर काय झालं असतं, असं तू विचारलंस. मीही डॉक्टरबाईंना तेच विचारलं. त्या म्हणाल्या, मार्चमध्ये आले असते तर कदाचित एकही बोट गेलं नसतं.

काकू, एवढे दिवस का थांबलात, असं त्यांना विचारू नकोस. ते माझ्या आकड्यावर विसंबून थांबले. दुसरं काही कारण नाही. रागवायचं तर मला रागव. रविवारी त्यांना घेऊन येतो.

तुझाच