काहिलीतून संगमापर्यंत

१३ जून १९७१, रविवार. मंद्रूप, सासुरवाडी.
आज इतिहास घडला. मीच घडवला. मेहुणा वीरभद्रप्पा याच्या मुलाचं बारसं होतं. गव्हाच्या गोड हुग्गीची तिसरी वाटी संपली आणि मी भर पंगतीत जाहीर केलं की या पावसाळ्यात मी वडकबाळपासून सीना जिथे भीमेला मिळते त्या कुडलच्या संगमापर्यंत नदीतून जलप्रवास करणार. इतकी वर्षं हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतोय. फळ्यावर नद्या काढून काढून हात दुखला. आता प्रत्यक्ष.

होडीची अडचण नाही. आपल्याकडे पावसाळ्यात गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून लोक नदी ओलांडतातच. उसाचा रस आटवायची ती लोखंडी कढई, चार माणसं आरामात बसतील एवढी. वीरभद्रप्पाचं गुऱ्हाळ वडकबाळला नदीकाठीच आहे आणि त्याची काहील दिवाळीपर्यंत पालथी पडलेली असते.

वीरभद्रप्पा म्हणाला, "दाजी, तुमी? तुमी चिखलातनं जाताना बी अक्काचा हात धरताय की!" पंगत हसली. सासूबाई सावित्रम्मा तोंडाला पदर लावून हसल्या. तेव्हा आमची जगदेवी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "ह्यांनी म्हटलं म्हंजे जानार. जोवर जात न्हाईत, तोवर मी ह्या घरात घास घेनार न्हाय." मला फार अभिमान वाटला. शपथेची तशी गरज नव्हती, पण असो. पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे.

२० जून, रविवार. सोलापूर, घरी.
तयारी जोरात. आमच्या शाळेतले सायन्सचे गोपाळराव बरोबर यायला तयार. त्यांना पोहता येतं. मला येत नाही, पण पोहायची वेळ पडणाऱ्यावर येते, मी पडणारच नाही. अंगणात पाटावर बसून खराट्याने वल्हवण्याचा सराव केला. शेजारच्या अक्कम्मा भिंतीवरून विचारत होत्या, मास्तर अंगण बसून का झाडताहेत. अडाणी लोकांना काय सांगायचं!

२७ जून, रविवार.
काहिलीची पाहणी केली. एक टेक्निकल मुद्दा लक्षात आला, जो आजवर कोणाच्याही लक्षात आलेला नाही. काहील गोल आहे. म्हणजे तिला पुढची बाजू नाही. कॅप्टनने कुठे बसायचं? मी ताबडतोब चुना मागवला आणि काठावर ठळक अक्षरांत 'पुढे' असं लिहिलं. वीरभद्रप्पाने विचारलं, "आन् ती फिरली तर?" मी म्हणालो, फिरणार नाही, तिला दिशा दिलेली आहे.
निघायची तारीख: ११ जुलै. पक्की.

५ जुलै, सोमवार.
गावात डोळे येण्याची साथ. मुंबईत तर म्हणे निम्मी माणसं लाल डोळ्यांनी फिरताहेत. आज गोपाळराव शाळेत आले ते काळा चष्मा लावून. मी त्यांच्याशी पाठ करून बोललो. डोळ्यांत पाहिलं की लागण होते, हे सिद्ध झालेलं आहे. ते म्हणाले की असं काही नसतं, हात धुवा. सायन्सवाल्यांचा हाच दोष, साध्या गोष्टी कळत नाहीत.
११ तारीख रद्द. सहकाऱ्याला आजारी सोडून जाणं माझ्या स्वभावात नाही.

९ जुलै.
वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवलं. मागे वर्गात काय चाललं होतं ते माहीत नाही. तास संपल्यावर वळून पाहिलं तर दोनच मुलं. तीही एकमेकांच्या डोळ्यांत गुलाबपाणी घालत होती.

१६ जुलै.
काळा चष्मा आणला. मधला मारुतीजवळ ते भाजीसारखे ढिगाने विकताहेत. घरातही लावतो. कालच्या सांबारात मिरची दिसली नाही. जगदेवी म्हणते, नदीवर कुठं साथ असते, माणसंच नाहीत तिथं, जाऊन या की. भोळी आहे. नदीवर धोबी असतात.

२७ जुलै, मंगळवार. नागपंचमी.
जगदेवी माहेरी जाऊन आली. जाताना फडक्यात स्वतःच्या दोन कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून नेली. तिथे झोका खेळली, पोरांना खेळवलं, आणि जेवणाच्या वेळी अंगणातल्या लिंबाखाली बसून आपली भाकरी खाल्ली. सासूबाई म्हणे रडल्या. मी जगदेवीला समजावलं की एवढं ताणू नये. ती भाकरीचं फडकं झटकून घडी घालत राहिली. हट्टी आहे, पण माझ्यावर विश्वास आहे, हे महत्त्वाचं.
नवी तारीख: ८ ऑगस्ट. गोपाळरावांचे डोळे पांढरे झाले. आता कुणाचा बाप अडवत नाही.

७ ऑगस्ट.
माझे डोळे आले.

८ ऑगस्ट, रविवार.
पाहा नशीब! आज निघायचं होतं. दोन्ही डोळे टोमॅटो. जगदेवी बोरिकच्या पाण्याने पुसते आहे. एवढी काळजी घेऊनही लागण झाली, म्हणजे या साथीत काहीतरी नवीन आहे. हे वाक्य मी डोळे मिटून लिहितोय, ओळ कुठे जातेय देव जाणे.

२२ ऑगस्ट.
बरा झालो, पण आता जगदेवीचे डोळे आले. बायको आजारी असताना नदीवर गेलो तर लोक काय म्हणतील? मी स्वयंपाक केला. तिने खाल्ला. धीराची बाई.

५ सप्टेंबर, रविवार.
सगळे बरे. काहील मोकळी, गोपाळराव मोकळे. वडकबाळच्या पुलावरून पाणी पाहून आलो. पाणी फार होतं. गढूळही होतं. शिवाय ते वाहत होतं. चहा प्यालो आणि परतीची एसटी धरली. घाबरलो असं नव्हे. पण नदीचा नीट अभ्यास केल्याशिवाय तिच्यात उतरणं भूगोलाला धरून नाही. गोपाळराव पुलावर म्हणाले की यापुढे तारीख सांगू नका, पाण्यात बसलात की तार करा. विनोदी माणूस आहे.

१९ सप्टेंबर.
पाणी बेताचं झालं असं ऐकतो. पण साथ उलटणार असंही ऐकतो. एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगितलं, ते मी सलूनमध्ये ऐकलं. धोका नको. आजपासून पुन्हा काळा चष्मा.

२१ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.
सहामाहीचे पेपर तपासण्यात मध्यंतरी वेळ गेला. आज आम्ही दोघं मंद्रूपला. जगदेवीने वीरभद्रप्पाला ओवाळलं, लुगडं घेतलं, आणि ताटं मांडताच बाहेर जाऊन बसली. वीरभद्रप्पा या वेळी हसला नाही. म्हणाला, "दाजी, मी चेष्टा केली व्हती. तुमी तिला सांगा की जेव म्हनून." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी बोललेय. तुमीच मोडा म्हनता?" मी आत येऊन जेवलो. पुरणपोळी उत्तम होती. नंतर पोट जड झालं, बहुधा डाळ कच्ची होती.
ठरलं. पुढच्या रविवारी. काही झालं तरी.

३१ ऑक्टोबर, रविवार.
खराटा नव्हे, या वेळी खरा बांबू घेऊन गुऱ्हाळावर पोचलो. काहील चुलाणावर! तिच्यात रस उकळतोय! वीरभद्रप्पा म्हणाला, दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागतं हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. मला कोणी लेखी कळवलं नव्हतं. 'पुढे' धुरात काळं पडलंय. ताजा गूळ खाल्ला, दोन ढेपा घरी आणल्या. जगदेवीने माहेरचा म्हणून त्यांना हात लावला नाही. गुळाचा चहा मी एकटाच पितोय.

५ डिसेंबर.
युद्ध सुरू झालं. ब्लॅकआउट. माझी सफर आता देशहितासाठी पुढे ढकलावी लागणार. लोखंडी काहील चांदण्यात केवढी चमकेल! शत्रूच्या विमानाला सरळ सोलापूरचा पत्ता. ती सध्या चुलाणावर आहे, हा भाग वेगळा. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१९ डिसेंबर.
युद्ध जिंकलं. इतक्या लवकर जिंकतील असं वाटलं नव्हतं.

१६ जानेवारी १९७२.
ग्रामदैवत सिद्धरामाच्या गड्ड्याच्या जत्रेत सासूबाई भेटल्या. जगदेवीला भजी घ्यायला लागल्या, तर ही म्हणते, पैसे माझे मी देणार. दोघी भज्यांच्या गाड्यापाशी भांडल्या आणि गळ्यात पडल्या. मी आकाशपाळण्यात बसायला गेलो नाही, रांग होती.

१२ मार्च.
परीक्षा तोंडावर. गुऱ्हाळ संपून काहील मोकळी झाली असा वीरभद्रप्पाचा निरोप. राष्ट्राचं भवितव्य आधी, नदी नंतर.

२३ एप्रिल, रविवार.
आज जगदेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "पानी आटत चाललंय." एवढंच. मी म्हणालो, पावसाळा येतोच आहे, यंदा भरपूर येणार, माझा अंदाज आहे. तिने तवा खाली उतरवला आणि म्हणाली, "मला आईकडं जेवावंसं वाटतंय हो." रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. उत्तराची तयारी होती. ती रागावलीच नाही. मी अर्धी भाकरी ताटात टाकून उठलो.

१४ मे, रविवार. गुऱ्हाळ, सकाळ.
आलो आहे. जगदेवी बरोबर आहे. गोपाळरावांना निरोप दिला होता, त्यांनी फक्त शुभेच्छा पाठवल्या. बसवजयंती दोन दिवसांवर, म्हणून वीरभद्रप्पा घरी मंद्रूपला तयारीत. गड्यांनी काहील डोहात लोटली आणि न्याहारीला गेले. तरंगण्यासाठी कमरेला सुके भोपळे बांधलेत. हे लिहून झालं की वही जगदेवीकडे देतो आणि निघतो. भोपळ्यांच्या गाठी तीनदा तपासल्या, वारा आहे.

त्याच दिवशी, दुपार. वडकबाळ, लिंबाखाली.
घडलं ते जसंच्या तसं लिहितो. 'पुढे' लिहिलेल्या बाजूला बसलो. बांबू मारला. काहील फिरली. दुसरीकडे बांबू मारला, उलटी फिरली. पुढची बाजू मागे, मागची पुढे, काठ, जगदेवी, आभाळ, काठ, जगदेवी. बांबू निसटला. मी डोळे मिटून घेतले आणि सिद्धरामाला हाका मारल्या. त्या मोठ्याने मारल्या गेल्या असं नंतर कळलं. बुडताना माणसाला आपलं सारं आयुष्य दिसतं असं म्हणतात. मला फक्त लिंबाखाली भाकरी खाणारी जगदेवी दिसली आणि फार वाईट वाटलं. मी ओरडलो, "जगू, तू जेव! मी गेलो! तू आईकडं जेव!"

तेव्हा वाकळ धूत बसलेल्या एका बाईचा आवाज आला. "ओ गुरुजी, वरडताय कशाला? हुबं ऱ्हावा की! गुडघ्याएवडं बी पानी न्हाय हितं."
मी डोळे उघडले. खाली पाहिलं. वाळू दिसत होती. काहील केव्हाच टेकली होती आणि काही वेळ मी एकटाच फिरत होतो, तेही डोक्यातल्या डोक्यात. उभा राहिलो. काहील कलंडली आणि मी पाण्यात बसलो. पाणी बेंबीपर्यंत आलं, पण ते बसल्यामुळे.
काठावर जगदेवी हसत होती. हसता हसता ती खाली बसली, मग वाळूत आडवी झाली, पदराने डोळे पुसले आणि परत हसली. ती वाकळवाली बाई तिला सामील झाली. जगदेवी लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी हसत होती. मला राग यायला हवा होता. मीही हसलो.
मग ती पाण्यात आली, माझा हात धरून मला चिखलातून बाहेर काढलं आणि म्हणाली, "झालं. तुमी गेला. चला आता, लई भूक लागलीय."
मी विचारलं, संगमाचं काय? ती म्हणाली, "मी 'जानार' म्हटलं व्हतं. कुटवर ते म्हटलं न्हवतं."

त्याच दिवशी, संध्याकाळ. मंद्रूप.
जगदेवी माहेरच्या पंगतीत बसली. सासूबाई वाढत होत्या आणि रडत होत्या. हुग्गीवर तुपाची धार धरली ती ताटाबाहेर गेली तरी थांबेना. जगदेवी मान वर न करता जेवत होती. एवढं जेवताना मी तिला कधी पाहिलं नाही. तिला इतकी भूक असेल हे मला माहीत नव्हतं.
माझे कपडे अजून चिखलाचे. वीरभद्रप्पा हात जोडून म्हणाला, "जिंकला दाजी." मी नम्रपणे मान डोलावली. तोंडात डोहाची खोली, प्रवाहाचा वेग वगैरे तयार होतं. तेवढ्यात त्याने बहिणीला विचारलं, "अक्का, पानी किती व्हतं गं?"
जगदेवीने माझ्याकडे पाहिलं. घास चावून संपवला.
"ह्यांना पुरलं," ती म्हणाली, आणि हुग्गीसाठी वाटी पुढे केली.
मी डोहाची खोली हुग्गीबरोबर गिळून टाकली. पापड मोडून खात राहिलो.