बोरटाक्यात कुणी खोकत नाही

परळी वैजनाथ,
४ डिसेंबर १९९६

ती. अक्कास,

शिवकांताचा शरणार्थ. दाजींना आणि तुझ्या सासऱ्यांना, म्हणजे आपल्या बसप्पा मामांनाही सांग.

मी बरी आहे. दोरीवर टाकलेली पांढरी ओढणी संध्याकाळपर्यंत राखाडी होते, तेवढं सोडलं तर परळीची काही तक्रार नाही. घरमालकीण सरस्वतीबाईंनी केबल घेतलीय. त्यांच्या सगळ्या मालिका मला भिंतीतून फुकट ऐकू येतात. कोण कुणाची सवत आहे ते मात्र अजून कळलेलं नाही.

तुझ्या वर्षाराणीचं लग्न ठरल्याचं कळलं. लई आनंद झाला. दिंद्रुडला कापडाचं दुकान, मुलगा बी.कॉम., माणसं सरळ, अजून काय पाहिजे! मी तिला निळी इरकल घेणार आहे, तू आधीच नको म्हणू नकोस. तिचा खोकला कसा आहे? थंडीचाच असेल.

आता कामाचं. बोरटाक्याला दवाखाना यावा म्हणून आमची संस्था अनुदान शोधतेय, हे तुला दिवाळीत बोलले होते. किल्लारीच्या भूकंपानंतर देणगीवाल्यांच्या गाड्या तिकडं वळल्या त्या वळल्याच, आपल्याकडं कुणी फिरकेना. पडलेली भिंत फोटोत दिसते, छातीत बसलेली धूळ दिसत नाही. मी मराठीत प्रस्ताव लिहायचा, आमचे भगवानराव सर अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकांकडून त्याचं इंग्रजी करून घ्यायचे, आणि उत्तर यायचं की क्षमस्व. एकांनी कळवलं, या वर्षी आम्ही फक्त पाणलोटाला पैसे देतो. सर मला म्हणतात, "शिवकांता, यात थोडं पाणलोट घालता येईल का?" मी म्हटलं, "सर, माणसं खोकतायत. त्यात बंधारा कुठं बांधू?" संस्था काढल्यापासून संस्थेचे प्रमुख तेच आहेत, पण त्या दिवशी पाणलोटाचा कागद त्यांनी स्वतःच बाजूला ठेवला.

शेवटी पुण्यात ऑफिस असलेल्या एका परदेशी संस्थेनं दार उघडलं. त्यांनी पुरावे मागितले, म्हणून आपण शाळेत छातीचे एक्स-रे फोटो काढायचं शिबिर घेतलं. मग पेपरातली कात्रणं मागितली. आता मंगळवारी पुण्याच्या मॅडम आणि एक गोरे साहेब स्वतः येतायत. त्यांना गरज पटली तर तीन वर्षं डॉक्टर येईल, गावातच फोटोचं मशीन येईल, आणि दगड फोडणाऱ्या खडी मशीनवाल्यांना धुळीवर पाणी मारायला लावण्यासाठीही पैसे मिळतील. पण माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय ते काही देत नाहीत.

म्हणून तुला लिहितेय. मामा पारावर पुढं बसले पाहिजेत. त्यांचं दुकान खडी मशीनींच्या बरोबर समोर, सगळी हयात त्यांनी ती धूळ खाल्लीय, आणि ते बसले की गाव बसतं. भाषण वगैरे नको. विचारलं तर खरं सांगायचं आणि खोकला आला तर दाबायचा नाही, एवढंच.

मी दिलेली पेपरातली बातमी तू वाचलीच असशील. "बोरटाक्यात घरोघरी खोकला" हा मथळा त्यांचा, माझा नाही. दिंद्रुडच्यांनी काही विचारलं का? नसेल विचारलं. कापडवाल्यांकडं पेपर बांधायलाच लागतो.

उत्तर लवकर दे.

तुझी,
शिवा


बोरटाका,
शनिवार

चि. शिवे,

आशीर्वाद. सटवाच्या जीपमधी चिठ्ठी धाडतेय, पोष्टाचा भरोसा न्हाई.

पेपर बांधायला लागतो म्हनं! अगं, त्याच दुकानात पोराच्या चुलत्यानं तुझी बातमी गिऱ्हाइकापुढं मोठ्यानं वाचली. दुसऱ्या दिवशी दोघं मोटारसायकलीवर हजर. पोहे खाल्ले, च्या पिले आन् उठता उठता इचारलं, तुमच्याकडं टीबी हाय का. तुझे दाजी म्हनले, पेपरवाले काय बी छापतेत. तवा कुठं गेले. गावाचं नाव कावून घातलंस गं? नाव न घालता पैसे देत न्हाईत का तुझे सायब?

काल पारावर बैठक झाली. मामांनीच बोलावलती. गावात लग्नाच्या पोरी काय माझ्याच घरात हायत का? समद्यांनी ठरवलं, मंगळवारी कुनी खोकायचं न्हाई. ज्याला दाबत न्हाई त्याला ट्रॅक्टरमधी घालून लांबच्या रानात न्यायचं. बाकीचे तोंडात लवंग धरून बसतेल. तुमची मानसं येऊ द्या, बगू द्या, जाऊ द्या.

तुझं कामच असं हाय बाई. पैसे मागायचे म्हनलं की घरातलं दुखनं चव्हाट्यावर मांडायचं. आन् पोरगी द्यायची म्हनलं की तेच झाकायचं. तू तुझं कर, मी माझं करते.

आन् वर्षाचा खोकला कसा हाय म्हून कुनाला इचारतेस? शिबिरात तिचा बी फोटो काढलता. डाक्टर तुझ्यापाशी बोलला आसंल, तू माझ्यापाशी बोलली न्हाईस. मी आई हाय, मला कुनी सांगाया लागत न्हाई. सकाळी मोरीत जाऊन तोंडावर पदर दाबून खोकते ती. भिंतीच्या अलीकडं मी उभी ऱ्हाते आन् माझा जीव तुटतो. म्हून तर घाई केली. दिंद्रुडला खडी मशीन न्हाई. तुझा दवाखाना येईल तवा येईल, माझी पोरगी आदी या धुळीतून भायेर पडू दे.

मंगळवारी तू गप ऱ्हा. आन् अजून एक. लग्नाला येऊ नको. दिंद्रुडची मानसं तुला वळखतेत, पेपरवाली मावशी म्हून. रागवू नको असं म्हननार न्हाई. रागव.

तुझी अक्का


परळी वैजनाथ,
२१ जानेवारी १९९७

अक्का,

नमस्कार. इतके दिवस लिहिलं नाही. तू रागव म्हणालीस, मी रागावले. अजूनही आहे. पण आता तुला न कळवता काही करणं मला जमणार नाही, म्हणून बसलेय.

त्या मंगळवारी तू आत चुलीपाशी होतीस. पारावर काय झालं ते मी बघितलं.

खडी मशीनवाल्यानं त्या दिवशी मशीनी बंद ठेवल्या होत्या आणि टँकरनं रस्ता भिजवला होता. मी जन्मात पहिल्यांदा बोरटाक्याचा डोंगर इतका स्वच्छ बघितला. गोरे साहेब खूश, देवळाचे फोटो काढत सुटले. मामा पांढरा रुमाल बांधून, कपाळाला विभूती लावून पुढं बसले होते. मॅडमनी विचारलं, "आजोबा, काही त्रास?" मामा म्हणाले, "कसला तरास? आमच्या गावची हवा लई चांगली." एवढं बोलले आणि त्यांच्या गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मॅडमना वाटलं म्हातारा गहिवरला. त्यांनी मामांचा हात हातात घेतला.

तेवढ्यात वर्षा चहा घेऊन आली. मॅडमनी प्रेमानं विचारलं, "नाव काय तुझं?" अक्का, तिला नाव सांगता येईना. तोंड उघडलं असतं तर खोकला बाहेर पडला असता. ती लालबुंद होऊन नुसती उभी राहिली, ट्रेमधल्या बशा वाजायला लागल्या. मामा म्हणाले, "लाजती." सगळे हसले. साहेबसुद्धा हसले.

मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "शिवकांताताई, तुम्ही लिहिलेलं गाव हेच ना?" शिबिरातले सगळे फोटो माझ्या पिशवीत होते. मी वर्षाकडं बघितलं आणि म्हटलं, "हो, हेच." पिशवी उघडलीच नाही. परत जाताना जीपमध्ये त्या म्हणाल्या, तुम्ही मनापासून लिहिता, पण जरा वाढवून लिहिता.  आपल्याच गावानं आपल्याला खोटं पाडलं, एवढंच भगवानराव सर नंतर बोलले.

डॉक्टरांचं तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं होणार होतं. आता सांगते. वर्षाच्या छातीत धूळ बसायला सुरुवात झालीय. बसलेली धूळ काढायचं औषध नाही, पण पोरगी आताच तिथून निघाली तर बहुतेक निभावेल, असं ते म्हणाले. म्हणजे तू बरोबर आहेस. हे लिहितानाही मला तुझा राग येतोय, आणि तू बरोबर आहेस.

पण पुढचं ऐक. संक्रांतीनंतर मॅडमचा स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवर फोन आला. त्यांना काय वाटलं देव जाणे, पण म्हणाल्या, अजून फाइल बंद केलेली नाही. गावातलं एक जरी घर आपल्या नावानिशी, डॉक्टरांच्या कागदासकट लिहून द्यायला तयार असेल तर या महिन्यात पाठवा, मी कमिटीपुढं ठेवीन.

मी मामांकडं आले नाही, तुझ्याकडंही आले नाही. मी खडी मशीनीमागच्या खोपटांत गेले, ताराबाईकडं. तिचा नवरा रामकिसन मशीनीत दगड टाकतो, तुला माहीतच आहे. आता टाकत नाही, बसून असतो. त्या मंगळवारी तोही ट्रॅक्टरवर होता. मला म्हणाला, "आमी समदे खोकत खोकत गेलतो ताई, जत्रंला निगाल्यावानी." हसला आणि मग त्याला हसायलाही श्वास पुरेना. दम लागला. जरा वेळानं म्हणाला, "दवाखाना आमच्यासाठीच येनार व्हता नव्हं? मग आमालाच कावून लपवलं?"

 याचं उत्तर तुला येत असेल तर मला कळव.

मी त्यांना सगळं उघड सांगितलं. नाव दिलंत तर गाव तुमच्यावर उलटेल, मशीनवाला खोपट मोडायला लावेल, तुमच्या पोरीच्या सोयरिकीत अडचण येईल. ताराबाई भाकरी थापत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "तुमच्या वर्षाताईला दिंद्रुड भेटलं, लई ग्वाड झालं. माझी पोरगी खडीवरच्याच घरात जानार. तितं खोकल्याला कोन भेतंय? लिवा. नाव बी लिवा."

रामकिसननं सही केली. मला वाटलं होतं अंगठा लागेल, पण त्याची सही वळणदार आहे. माझीच मला लाज वाटली.

आज सकाळी ते सगळं रजिस्टर पोस्टानं पुण्याला गेलं. त्यात एकट्या रामकिसनचा कागद आहे. मामांचा नाही, वर्षाचा नाही, दुसऱ्या कुणाचाच नाही. पण गावाचं नाव आहे, अक्का. गावाच्या नावाशिवाय खरंच देत नाहीत.

मंजूर झालं तर त्यांची माणसं पाहणीला येतील. मी फोनवर हातापाया पडून सांगितलं, फाल्गुनाच्या आधी नको. का, म्हणून विचारलं, तर म्हटलं, शेतीची कामं असतात. तोवर माघातल्या अक्षता पडलेल्या असतील. तुझ्यासाठी मला एवढंच करता आलं. यापेक्षा जास्त थांबले तर रामकिसन थांबणार नाही.

मात्र फाल्गुनात पेपरात पुन्हा नाव येईल. तेव्हा वर्षा त्या घरात एकटी असेल आणि तो चुलता पुन्हा मोठ्यानं वाचेल. मला झोप लागत नाही त्या विचारानं. म्हणून हात जोडून सांगते, मुलाला आधी सांग. चुलत्याला नको, बापाला नको, फक्त मुलाला एका बाजूला घेऊन सांग. मोडलं तर मोडलं, असं म्हणायची हिंमत माझ्यात नाही. मोडलं तर ती पुन्हा त्या धुळीत, हे मला कळतं. पण नाही सांगितलंस तर ती आयुष्यभर त्या घरातसुद्धा मोरीत जाऊनच खोकेल. तू सांगणार नाहीस, हेही मला माहीत आहे. मी तुझ्या मागून जाऊन सांगणार नाही, तेवढा विश्वास ठेव.

इरकल सटवाच्या जीपमधून पाठवतेय. माझं नाव न सांगता दिलीस तरी चालेल.

लग्नाला मी येत नाही. तू म्हणालीस म्हणून नाही. अक्षता हातात घेऊन उभी राहिले आणि दिंद्रुडच्या कुणी विचारलं, तर या वेळी मला गप्प बसता येणार नाही, याची मलाच भीती वाटते.

वर्षा विचारेल, शिवामावशी का आली नाही. बाकी काही सांगू नकोस. तिला सांग, मावशीला खोकला झालाय. लई झालाय, दाबता येत नाही, चारचौघांत बसता येत नाही.

तुझ्या दारात न येणारी, तरी तुझीच,
शिवा