पुलापलीकडचा मामा

फेलिममामा,

हे पत्र टाकणार नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मारामारीत कॅहलच्या हातून एक पोरगा मेला, तेव्हा तो इथेच, ब्रिटिश हद्दीतल्या स्ट्राबेनला पोलिसांत हजर होणार होता. आईने लेकासाठी शर्ट इस्त्री करून ठेवला होता. तूच फोनवर म्हणालास, "सीमेवरचा पूल ओलांडून आयर्लंडात ये. इकडे आपलं राज्य आहे. मीही असाच ब्रिटिश पोलिसांना चुकवून पळून आलो होतो. चाळीस वर्षांत कुणी हात लावला?"

पण तुझ्या काळी आयर्लंड पळून आलेल्यांना सहसा परत देत नसे; आता देतं. दोन्हीकडे चालणारं युरोपचं वॉरंट घेऊन आपलेच आयरिश पोलीस तुझ्या दारात आले. तू त्यांना आडवा आलास. "हा आपला देश आहे."

"म्हणून तर आम्ही आलो, काका. बाजूला व्हा."

कॅहलला त्यांनी इकडच्या पोलिसांच्या हवाली केलं, आणि पळाला म्हणून त्याला आता जामीन नाही. आई म्हणते, निदान फेलिम तरी पलीकडे सुखरूप आहे.

जाताना त्यांनी तुझंही पूर्ण नाव विचारलं, हे तिला सांगितलेलं नाही.

तुझी भाची,
ब्रोना