बख्तावर भाबीच्या पॅनेलची सुटलेली वायर

प्यारी बाजी, सलाम.

तब्येतीचं नंतर विचारतो, आधी गुन्हा सांगून टाकतो: थोरल्या बख्तावर भाबीच्या सोलर पॅनेलची वायर मी काढली. मुद्दाम, भर दुपारी. आता सांग, तुझा गुडघा कसा आहे? दूल्हाभाईंची दाढ काय म्हणते? इकडं लय्यात घरी सगळे खुशाल आहेत, माझी डावी भुवई सोडून.

आपल्या नादिर लालाच्या लग्नात नव्या सफूरा भाबीनं माहेरच्या जहेजमध्ये दाराएवढाली तीन पॅनेलं आणली ती तू बघितलीसच. पण तू लगेच मुलतानला परत गेलीस आणि खरी मजा हुकवलीस. पॅनेलं जोडायला माणूस आला, तर अम्मा म्हणाली, एका घरात दोन वायरी म्हणजे दोन चुली, माझ्या जिवंतपणी ते व्हायचं नाही. मग सगळी एकाच वायरीत, एकामागं एक, मानानं. पुढं बख्तावर भाबीचं ते जुनं, चटईएवढं (मोठेपणाचा मान), मागं सफूराची तीन. अब्बा म्हणाले, "अगं, उन्हाला काय कळतंय थोरली कोण?" अम्मानं डोळे वटारले. अब्बा म्हशीला पाणी दाखवायला गेले.

आणि फ्रिज काही चालू होईना. पंखे तर असे फिरत होते की माशी बसून झोप काढून जाईल. बख्तावर भाबीला तेवढंच पाहिजे होतं. "माझं एकटं होतं तेव्हा बरं चाललं होतं. ही तीन आली आणि घरातली बरकत गेली. पॅनेलाचाही पायगुण असतो बाई." अम्माच्या डोक्यात ते बसलं. जुम्म्याला ट्रॉलीत पॅनेलं घालून सफूराच्या बापाकडं धाडायची, सोबत सफूरालाही 'चार दिवस' धाडायचं, असं ठरलं. (आपल्याकडचे चार दिवस तुला ठाऊक आहेत. चाचाच्या सुनेचे अजून संपले नाहीत.) सफूरा भाबी पीठ मळता मळता रडायची. नादिर लाला अंगणात उभा राहून सूर्याकडं असा बघायचा जणू त्यानंच फसवलंय.

आता वायर का काढली? मोठ्या मनानं काढली असं लिहिलं असतं, पण तू मला ओळखतेस. मी बख्तावर भाबीच्या अम्मीच्या आवाजात तिलाच फोन करून तासभर रडवलं, म्हणून तिनं माझा मोबाईल पेटीत घातला होता. म्हटलं, हिचं पॅनेल मेलं की दिवसभर बोंबलेल. छतावर गेलो, तिची वायर ओढली, उरलेल्या तिन्हींची टोकं जोडली. ओढताना अशी ठिणगी उडाली की अर्धी भुवई गेली. (अम्माला तंदूर सांगितलाय.) पण जिना उतरतोय तोवर खाली फ्रिज घुरघुरला, आणि पंख्यानं अब्बांचा पटका उडवून म्हशीपुढं टाकला.

जिन्यात बसून विचार केला तेव्हा उमगलं. उंटांची माळ एका दोरीला, पुढं म्हातारा लंगडा उंट. मागचे कितीही तगडे असोत, माळ चालणार लंगड्याच्याच चालीनं. मान मोठा, वायर मात्र एकच.

सांगायला धावलो, तर अम्मा अल्लाचा शुक्राना करत बसलेली. तिनं आदल्याच दिवशी पीरसाहेबांचा तावीज पॅनेलला बांधला होता, सगळं श्रेय त्याला. ट्रॉली रिकामीच परत गेली. सफूरा भाबीनं गाठोडं सोडलं आणि गुपचूप माझ्या ताटात दोन पराठे जास्त टाकले (तिला काय कळलंय कुणास ठाऊक). आणि बख्तावर भाबी तोऱ्यात म्हणते, "तावीज बांधला कुणाच्या पॅनेलला? माझ्याच ना?" बाजी, खरं सांगितलं तर तो पायगुण आता तिच्या गळ्यात पडेल. गल्लीत पहिलं पॅनेल तिच्या बापानं दिलं होतं, अजून ती स्वतःच्या ओढणीनं पुसते. म्हणून श्रेय तावीजालाच राहू दिलं.

तुझा नालायक भाऊ,
मुराद

ता.क. तिचं पॅनेल वाया नाही गेलं. एकट्यानं ते छान चालतं. त्याला मी एक छोटा पंखा लावून छतावरच्या कबुतरांच्या खुराड्यात टांगलाय. कबुतरं माजलीत.

ता.ता.क. पत्र कशासाठी, तर दूल्हाभाईंच्या दुकानातून एक जुना सोलर पंखा धाड. खुराड्यातला गेला. काल बख्तावर भाबी पॅनेल पुसायला वर आली, सुटलेली वायर बघितली, माझी भुवई बघितली. मी पळायच्या बेतात. तिनं खाट ओढली, पंखा काढून स्वतःकडं वळवला, मटार सोलायला घेतले आणि म्हणाली, "घरात कुणाला सांगितलंस तर दुसरी भुवई मी काढीन." बाजी, तुझ्या पाया पडतो, कुणाला म्हणजे कुणालाच बोलू नकोस.